पावण्याच्या गाळ्यातली ‘तिसरी पाळी’

सोलापूरहून नवी मुंबईला माणसं नोकरीसाठी जातात, लग्नाला जातात, नाही तर मोठ्या दवाखान्यात जातात. आम्ही दोघं एका रॉक बँडचा कार्यक्रम ऐकायला गेलो. दोघांची वयं मिळून एकशे एकतीस, आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.

ज्यांना ऐकू येत नाही ते शंकरराव. मी सोलापुरातल्या एका दैनिकात सव्वीस वर्षं उपसंपादक होतो. शंकरराव त्याच दैनिकाच्या छपाईखान्यात मशिनमन. मी वरच्या मजल्यावर, ते तळमजल्यावर. रोटरी सुरू झाली की खाली माणसाचं बोलणं बंद व्हायचं. कानात घालायला बोळे मिळत, पण ते कोणी घालत नसे. घातले तर मशिनमधला बिघाड कळायचा कसा? निवृत्त झाले तोवर शंकररावांचा उजवा कान पूर्ण गेला होता. डाव्या कानात यंत्र लावून थोडंफार येतं. समोर बसून, ओठ दिसतील असं बोललं तर निम्मं कळतं. उरलेलं मी चिठ्ठीवर लिहून देतो. ही सवयही तिथलीच. वरचे निरोप खाली चिठ्ठीनेच जायचे. अजून माझ्या खिशात न्यूजप्रिंटच्या कापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो.

कान जायला लागल्यावर शंकरराव मशिन हाताने ऐकू लागले. मशिनच्या सांगाड्यावर उजवा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि कुठला बेअरिंग कुरकुरतोय ते सांगायचं. पहिल्या प्रती बाहेर आल्या की त्यातली एक उचलून ते खोट सांगत. ‘तिसऱ्या पानावर लाल सरकलाय.’ आणि मग दोन शब्द कमी-जास्त करून नेहमी एकच वाक्य: ‘बाकी चालू दे.’ त्यावर अंक सुटायचा. सव्वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी ऐकली नाही.

त्यांची मुलगी अश्विनी तुर्भ्यातल्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम करते. फावल्या वेळात बास गिटार वाजवते. बास गिटारला चार जाड तारा असतात आणि आवाज खालचा, घुमणारा. गाण्यात तो कोणाच्या लक्षात येत नाही. थांबला की येतो. अश्विनी, ड्रम वाजवणारा दर्शन आणि गिटार वाजवून गाणारा समीर, अशा तिघांचा बँड आहे. तिघंही कारखान्यांत पाळीने काम करतात, म्हणून बँडचं नाव ‘तिसरी पाळी’.

तिचा फोन मला आला होता.

“काका, तुम्ही अण्णांना घेऊन या. मी सोलापूरच्या घरी वाजवते तेव्हा त्यांना काही ऐकू येत नाही. तरी दर वेळी म्हणतात, चांगलं वाजवलंस. हेडफोन लावून वाजवते तेव्हा तर कोणालाच ऐकू येत नाही, तेव्हाही म्हणतात. पावण्याच्या क्लबमध्ये आम्ही इतक्या जोरात वाजवतो की त्यांच्यापर्यंत पोचेलच. वाईट वाजवलं म्हणाले तरी चालेल. पण ऐकून म्हणू देत.”

मी शंकररावांना चिठ्ठी लिहिली: ‘अश्विनीचा कार्यक्रम. रविवार. जाऊ या.’ त्यांनी चिठ्ठीच्या मागे ‘हो’ लिहून परत दिली. वास्तविक ते बोलू शकतात, आणि मोठ्याने बोलतात.

शनिवार, कोपरखैरणे

सोलापुरात पत्ता सांगायला एक मारुती, एक चिंच आणि एक बंद पडलेली गिरणी लागते. कोपरखैरण्यात आकडे लागतात. सेक्टर, प्लॉट, इमारत, मजला, फ्लॅट. पाच आकडे बरोबर असले की माणूस कोणाला न विचारता दारात पोचतो. आमचा दुसरा आकडा चुकला होता. आम्ही एका अनोळखी घरात पाणी प्यायलो, बिस्किटं खाल्ली, आणि त्या घरच्या आजोबांनी आम्हाला बरोबर इमारतीच्या जिन्यापर्यंत आणून सोडलं.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या नाईक काकू भेटल्या. अश्विनीचे वडील आलेत म्हटल्यावर हातातली पिशवी खाली ठेवून उभ्या राहिल्या.

“मुलगी फार गुणी आहे हो तुमची. तीन वर्षं झाली, आवाज म्हणून नाही.”

शंकररावांनी मान डोलावली. आम्हाला घ्यायला खाली आलेली अश्विनी काकूंच्या मागे उभी राहून हसू दाबत होती. वर गेल्यावर तिने सांगितलं की पहिल्याच महिन्यात तिने एकदा ॲम्प्लिफायर लावला होता. दोन मिनिटांत दाराची बेल वाजली. नाईक काकूंचा सकाळी मोबाइलवर भजनाचा क्लास असतो. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर ‘रहिवाशांनी शांतता राखावी’ अशी सूचना लागली, ती अजून तिथेच आहे. तेव्हापासून ॲम्प्लिफायरवर टेबलक्लॉथ आणि त्यावर तुळशीची कुंडी.

संध्याकाळी ‘तीन टाकी’ म्हणतात त्या भागात फिरून आलो. पदपथावर भाजी, चादरी, मोबाइलची कव्हरं आणि शेवपुरी एकाच रांगेत. शंकररावांनी नेमका चादरवाला गाठला, चादर उलटी केली, वीण बोटाने चाचपली आणि जोरात म्हणाले, “सोलापूरची न्हाई.” चादरवाला म्हणाला, “काका, हळू बोला ना.” मी चिठ्ठी लिहिली नाही.

घरी आल्यावर अश्विनीने बास गिटार मांडीवर घेतली. शंकररावांनी लाकडावर तळवा ठेवला. तिने चार-पाच सूर वाजवले. शेजारी बसून मलाही ते डास गुणगुणावा इतकेच आले. ॲम्प्लिफायरशिवाय त्या वाद्यात जवळजवळ काही नसतं.

“चांगलं वाजवलंस,” शंकरराव म्हणाले.

अश्विनी माझ्याकडे बघून म्हणाली, “बघितलंत?”

रविवार सकाळ, दिवाळे

दर्शन दिवाळ्याचा. बेलापूरच्या खाडीकाठचं हे कोळ्यांचं गाव. मामाचा टेम्पो घेऊन तो सकाळी आठला आम्हाला न्यायला आला. ड्रम मागे भरलेले होते. दुपारी तेच पावण्याला जायचे होते.

ओहोटी होती. होड्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या. दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, खाली प्लास्टिकवर जवळा. लांब पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसत होती. मी ती आधी कसली तरी जाळी समजलो. ते रोहित पक्षी होते. दर्शनने तिकडे पाहिलंही नाही. जोरात ब्रेक दाबून तो एका दारात थांबला.

त्याची आई हिराबाई. सकाळचा बाजार उरकून नुकतीच आली होती. पाटी उपडी घालून त्यावरच बसली होती.

“या दादा. कवा आलाव? बसा, पानी देते.”

मी सांगायला लागलो की शंकररावांना ऐकू कमी येतं. तिने मला हातानेच थांबवलं. त्यांच्या समोर आली, वाकली, तोंडाकडे बोट दाखवून सावकाश म्हणाली, “जेवाल ना? चिंबोरी हाय.” आणि दोन्ही हातांची नांगी करून दाखवली. शंकररावांना एकूण एक कळलं.

“आमचं घरवालं बी असंच,” ती मला म्हणाली. “बोटीच्या इंजिनापाशी बसून बसून कान गेलं. कानात बोलून काय उपेग नाय. डोल्यात बोलाचं.”

सोलापूरकराला खेकडा खाणं हा अभ्यासाचा विषय आहे. मी रश्श्यावर आणि तांदळाच्या भाकरीवर भागवलं. भाकरी इतकी पातळ आणि मऊ, की आमच्याकडच्या कडक भाकरीशी तिचं काही नातं असेल असं वाटलं नाही. शंकररावांनी मात्र चिंबोरी पुढ्यात घेतली, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि क्रमाने उघडली. आधी नांग्या, मग पाय, मग पाठ. काढलेला प्रत्येक भाग ताटाच्या कडेला ओळीत ठेवला. खाऊन झाल्यावर ती परत जोडता आली असती.

आम्ही नेलेली शेंगाचटणी हिराबाईने बोटाने चाखली. “सुक्या जवल्यात घालून बघते,” म्हणाली. चटणीकडे पाहण्याची ही दिशा मला नवीन होती.

मी तिला विचारलं की मुलाचा बँड तिने ऐकलाय का.

“आयकला. दोनदा.” तिने भाकरी तव्यावर उलटली. “एवडासा आवाज. आमचे हलदीला या कवा तरी. पाच गल्ल्यांची भांडी वाजतान मांडनीवर.”

“आये, ते वेगळं, हे वेगळं,” दर्शन म्हणाला.

“व्हय रं. तिथं लोका नाचतान. तुमचेकडं उबी ऱ्हाऊन मुंडकी हलवतान.”

दर्शनने हे मान्य केलं. तो हळदीच्या बँजो पार्टीतही वाजवतो. लहानपणी ठेका तिथेच शिकला. टेम्पोत बसताना मला म्हणाला, “हळदीत तासनतास सलग वाजवायला लागतं ना काका. ठेका जरा जरी पळाला तर म्हाताऱ्या बायका नाचायच्या थांबतात, डोळे वटारतात. तिथे ज्याचा ठेका बसला त्याला कुठेच टेन्शन नाही.” मग मागच्या सीटवर बसलेल्या अश्विनीकडे आरशातून बघत म्हणाला, “काही लोकांनी यायला पाहिजे हळदीला.”

“गाडी चालव,” अश्विनी म्हणाली.

रविवार दुपार, पावणे

मोबाइलवर आलेल्या जाहिरातीत कार्यक्रमाची वेळ चार अशी होती. आम्ही पावणेचारला दारात उभे होतो. वर्तमानपत्रात जन्म घालवलेल्या माणसांना वेळ म्हणजे वेळ वाटते. दाराशी स्टुलावर बसलेल्या माणसाने आमच्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं.

“अंकल, पब्लिक सव्वापाचला येणार.”

“मग चार का लिहिलंय?”

“चार लिहिलं तर सव्वापाचला येतात. सव्वापाच लिहिलं असतं तर साडेसहाला आले असते.”

हा हिशोब मला नंतर बराच वेळ पुरला.

पावणे हे गाव आता औद्योगिक वसाहतीच्या पोटात आहे. दोन्ही बाजूंना छोटे कारखाने, साचे बनवणारे, पत्रा कापणारे, रंग देणारे. अशा प्रत्येक जागेला इथे गाळा म्हणतात. क्लब एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आहे. पूर्वी तिथे पुठ्ठ्याचे खोके बनत. रविवारी आजूबाजूचे गाळे बंद असतात, त्यामुळे दुपारी कितीही आवाज केला तरी ऐकणारा फक्त शेजारचा वॉचमन असतो, आणि त्याने त्यासाठीच रविवारची पाळी मागून घेतली आहे असं तो स्वतः म्हणाला.

आत भिंती काळ्या रंगवलेल्या. दीडशे माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढी जागा. खुर्च्या नाहीत; आमच्यासाठी दोन आणून मांडल्या. एका टोकाला गुडघाभर उंचीचं लाकडी स्टेज, त्याच्यामागे माल चढवण्या-उतरवण्यासाठी असलेलं जुनं लोखंडी शटर. मध्येच छतापर्यंत गेलेला लोखंडी खांब. जड माल उचलायची कप्पी त्याला लावलेली असे. शंकररावांनी आत पाऊल टाकलं, खांब पाहिला आणि तळव्याने थोपटला.

लवकर आल्याचा एक फायदा झाला. आवाजाची चाचणी आम्हाला बघायला मिळाली. दर्शनने ड्रम लावले. समीर आला, किडकिडीत, चष्मा लावणारा, एका पायात पांढरा मोजा आणि एका पायात काळा. अश्विनीने पहिला खालचा सूर वाजवला आणि त्याबरोबर कुठेतरी ‘खर्रर्र’ झालं.

पुन्हा सूर, पुन्हा खर्रर्र. केबल बदलली. दुसरी केबल आणली. साउंडवाल्याने मिक्सरची सगळी बटणं खाली घेऊन एक-एक वर केली. समीर स्पीकरच्या आत डोकं घालून बसला.

“स्पीकर फाटला यार. आज गेलो आपण.”

“फाटला नाही. काल चांगला होता,” साउंडवाला म्हणाला.

“काल काल होता.”

 अश्विनी घोटभर पाणी प्यायची आणि बाटलीचं झाकण लावायची. हा एक कार्यक्रम तिने ज्याच्यासाठी ठरवला होता तो माणूस समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. त्याला खर्रर्र येत नव्हतं.

मी चिठ्ठी लिहिली: ‘खालच्या सुराला खरखर. कुठून, सापडत नाही.’

शंकररावांनी वाचली, चष्मा काढला, उठले. आधी बासच्या स्पीकरवर तळवा ठेवला आणि अश्विनीला मान हलवून खूण केली. तिने सूर वाजवला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग स्टेजची फळी. नाही. मग स्टेजमागे गेले आणि शटरवर हात ठेवला. अश्विनीने पुन्हा वाजवलं. तळवा वर, डावीकडे, थोडा खाली सरकला. एका पट्टीवर थांबला.

“हितं हाय,” ते मोठ्याने म्हणाले. “स्पीकरला काय धाड भरली न्हाई. शटरची पट्टी खाचंत ढिली हाय. कागद आण.”

कागद म्हणजे माझा गठ्ठा. छपाईखान्यात काहीही ढिलं झालं की न्यूजप्रिंटची घडी घालून ठोकायची, ही तिथली रीत. त्यांनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या घेतल्या, घडीवर घडी घालून बोटभर जाडीची चपटी पाचर केली आणि शटर ज्या खाचेत बसतं तिच्यात दाबून बसवली. अश्विनीने सूर वाजवला. स्वच्छ.

समीर स्पीकरमधून डोकं काढून म्हणाला, “अंकल, तुम्ही दर रविवारी या ना.”

अश्विनी स्टेजच्या कडेला येऊन गुडघ्यांवर बसली, म्हणजे तिचं तोंड वडिलांच्या समोर आलं. “अण्णा, माझं कसं वाजलं?”

“शटर वाजत होतं,” शंकरराव म्हणाले.

सव्वापाचला पब्लिक आलं, सांगितल्याप्रमाणे. मनगटावर शिक्का मारून एकेकाला आत सोडत होते. बहुतेक काळे टी-शर्ट, काहींच्या गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. वय पंचवीस ते पस्तीस. आमच्याकडे त्यांनी जरा आदराने पाहिलं. बहुधा जागेचे मालक समजले.

आमच्याकडे गाण्याच्या बैठकीला माणसं मांडी घालतात, पान लावतात, समेला मान देतात. इथे मांडीला जागा नाही. बँड सुरू झाला तेव्हा माझ्या सदऱ्याचं दुसरं बटण छातीवर थरथरायला लागलं. हातातल्या बाटलीतल्या पाण्यावर गोल उठत होते. शब्द मला एकही कळला नाही. नंतर समीरला विचारून लिहून घेतलं. पहिलं गाणं कारखान्याच्या भोंग्याबद्दल होतं, दुसरं डब्याबद्दल, तिसरं कंपनीच्या गेटवर न थांबता जाणाऱ्या बसबद्दल. तिसऱ्याला सगळा गाळा एकदम उड्या मारायला लागला.

माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती आणि तरीही ‘काय?’ म्हणत होती. त्या खोलीत शांतपणे बोलू शकणारे आम्ही दोघंच. माझ्या चिठ्ठ्या शटरात होत्या, पण छपाईखान्यातल्या हाताच्या तीन खुणा मला येतात. मूठ म्हणजे थांबवा, उघडा तळवा म्हणजे ठीक, अंगठा खाली म्हणजे शाई कमी. मी भुवया उंचावल्या. शंकररावांनी उघडा तळवा दाखवला. मला म्हणायचं होतं की एवढा आवाज सोसतोय ना, आणि त्यांना ते कळलं.

कानातलं यंत्र त्यांनी काढून खिशात ठेवलं होतं. उजवा तळवा खांबावर, डोळे मिटलेले. आमच्यासाठी मांडलेल्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, कारण खुर्चीवरून खांबाला हात पोचत नव्हता. एक मुलगी त्यांच्याजवळ आली आणि स्वतःचे कानातले बोळे काढून त्यांना देऊ लागली. शंकररावांनी डोळे उघडले, बोळे पाहिले आणि हसून नको म्हटलं. त्यांना मी छपाईखान्यात हसताना पाहिल्याचं आठवत नाही.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मांडीजवळ गोल फिरायला लागली. मी वहीत नोंद केली: ‘शंकरराव ठेका धरतात.’

रविवार संध्याकाळ, पावणे

पावणेआठला कार्यक्रम संपला. खाली गल्लीत वॉचमनने टेम्पोचं फाळकं उघडून धरलं होतं. दर्शन ड्रम चढवत होता. समीरभोवती पाच-सहा जण उभे होते. अश्विनी घामाने भिजलेली, गिटारची पेटी पाठीला लावून जिना उतरली आणि सरळ वडिलांसमोर येऊन उभी राहिली. प्रश्न तिने विचारला नाही. तोंड तेवढं उजेडात राहील अशी उभी राहिली.

“चांगलं झालं,” शंकरराव म्हणाले. “चांगलं वाजवलंस.”

अश्विनीने मान हलवली. “हो का,” म्हणाली, आणि ड्रम चढवायला दर्शनला मदत करायला गेली. एक स्टँड तिने जरा जोरात आदळला.

टेम्पोत ती पुढे बसली.   दर्शनने एकदा आरशातून मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

शंकररावांची आणखी एक पद्धत होती, ती मला माहीत होती आणि अश्विनीला सांगायची राहिली. मशिनची चूक ते जागेवर, सगळ्यांदेखत सांगत. माणसाची चूक दुसऱ्या दिवशी, पाळी सुरू व्हायच्या आधी, त्या माणसाला बाजूला घेऊन. चारचौघांत कोणी विचारलं तर उत्तर एकच: चांगलं झालं. मला हे टेम्पोत आठवायला हवं होतं. आठवलं ते दुसऱ्या दिवशी, तेही त्यांनी तोंड उघडल्यावर.

सोमवार सकाळ, कोपरखैरणे

आमची गाडी साडेदहाची होती. अश्विनीची दुसरी पाळी होती म्हणून ती घरी होती. तिने पोहे केले. खालून नाईक काकूंच्या भजनाच्या क्लासचा आवाज येत होता. शंकररावांनी बशी बाजूला सारली, टेबलावरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, “हितं बस.”

ती बसली.

“तिसऱ्या गाण्यात पळालीस.”

अश्विनीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने तसाच धरून ठेवला.

“ढोलवाला जाग्यावर होता. त्याचं खांबातनं टक् टक् येतंय. तुझं घुमत येतंय. आधी दोन्ही एकावर एक बसत होतं. मधी लोकं उड्या मारायला लागली, तिथनं तू त्याच्या आधी पडाय लागलीस.”

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. डाव्या हाताने दर्शनचा ठेका धरला, उजव्या हाताची मूठ अश्विनीची. आधी दोन्ही बरोबर. मग उजवी मूठ केसभर आधी, मग आणखी थोडी. पोह्यांच्या बशीतला चमचा वाजायला लागला. ते गाणं त्यांनी आयुष्यात एकदाच, खांबातून ऐकलं होतं.

मी विचारलं, “मग ती दोन बोटं फिरत होती ती...?” ओठांवरून त्यांना कळलं.

“स्पीड वाढतोय. ती खूण तुला म्हाईत न्हाई?”

मला माहीत नव्हती. वहीतली नोंद मी तिथेच खोडली.

अश्विनीने कप ठेवला आणि मोबाइल घेतला. कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता. तो तिने दोनदा पाहिला, मध्यापासून पुन्हा एकदा, टेबलावर बोट आपटत. मग दर्शनला फोन लावला.

“तिसऱ्या गाण्यात मी पळते का रे?”

 पलीकडून दर्शनचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. “सहा महिने मी काय बोंबलतोय? कोणी सांगितलं?”

“अण्णांनी.”

“त्यांना ऐकू आलं?”

“हो,” अश्विनी म्हणाली. “ऐकू आलं.” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी आमच्या धंद्यात पाहिला नव्हता.

ती वडिलांच्या समोर वाकली. “आणि बाकी?”

शंकररावांनी थोडा विचार केला. चष्मा लावला, बोट उचललं, जणू समोर ताजा अंक आहे आणि आणखी कुठे काही सरकलंय का ते बघायचंय. मग बोट खाली घेतलं.

“बाकी चालू दे.”

ती शंकररावांच्याच हाताखाली वाढलेली. या शब्दांचं वजन तिला माझ्याइतकंच माहीत होतं. ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली. तुळशीची कुंडी उचलून खिडकीत ठेवली. टेबलक्लॉथ काढला. गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि बटण जिथवर फिरतं तिथवर फिरवलं. शंकरराव खुर्ची ओढून जवळ बसले आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीवर तळवा ठेवला.

तिसरं गाणं तिने मध्यापासून घेतलं. खिडकीची काच थरथरली. शंकररावांची डावी मूठ मांडीवर दर्शनचा ठेका देत होती, आणि तिचा प्रत्येक सूर त्या मुठीवर येऊन बसत होता. एकदा ती पुढे गेली, त्यांनी दोन बोटं फिरवली, ती मागे आली.

दाराची बेल वाजत होती. ती फक्त मला ऐकू येत होती.